अलीकडे काय वाचलंत, काय पाहिलंत? आणि त्यातली माणसं कामाला जातात का?

चौथी सीट

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांत बऱ्यापैकी वाचन झालं, सिनेमेही पाहिले. त्यातलं काय मनात राहिलं आणि काय आठवड्याभरात पुसलं गेलं याचा विचार करताना एक गोष्ट जाणवली, ती तुमच्यापुढे ठेवतो.

जे राहिलं त्या प्रत्येकात माणसं काम करताना दिसतात. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' उशिरा का होईना, पाहिला. पायल कपाडियाच्या या सिनेमाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, तेव्हापासून यादीत होता. प्रभा आणि अनू या दोन मल्याळी नर्स मुंबईच्या इस्पितळात नोकरी करतात. नर्स आहेत असं सांगून दिग्दर्शिका मोकळी होत नाही. त्या ड्युटीवर दिसतात, रुग्णांशी बोलताना दिसतात, थकून लोकलमध्ये उभ्या दिसतात. त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती (छाया कदम) तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नवरा गिरणी कामगार होता, तो गेला, खोलीचा एक कागद हिच्याकडे नाही आणि जागेवर टॉवर उभा राहणार आहे.

याउलट हल्ली बऱ्याच कादंबऱ्या वाचताना वाटतं की नायकाला एक तारखेला पगार मिळतो खरा, पण कशाबद्दल मिळतो ते तीनशे पानांत कळत नाही. तो विचार करतो, प्रेम करतो, दारू पितो, आईशी भांडतो. कामावर मात्र दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत जाऊन येतो. मुंबईवरच्या लेखनात हे मला फार खुपतं. या शहरात माणसं आली ती कामासाठी. त्यांचं काम वगळून त्यांची गोष्ट कशी सांगणार?

तर प्रश्न असा: तुम्ही अलीकडे काय वाचलंत, काय पाहिलंत, आणि त्यात काम दिसलं का?

केळफूल

छान विषय. सविस्तर लिहिते रात्री. आत्तापुरतं एकच नाव: 'सिंहासन'.

दुपारची पाळी

मी स्वतः परिचारिका आहे, त्यामुळे प्रभाबद्दल माझ्याइतकं कोण बोलणार!

त्या सिनेमात शिकाऊ मुलींना बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेच्या वासाने मळमळतं आणि प्रभा त्यांना दटावते, असा प्रसंग आहे. तिथे मी खुर्चीत ताठ बसले. आमच्या सिस्टरांनी आम्हाला असंच दटावलं होतं आणि आता आम्ही नव्या मुलींना दटावतो. वास येतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, कारण समोर नुकतीच बाळंत झालेली बाई असते. हे शिकवायला पुस्तक नाही.

एक कमतरता जाणवली. पाळी बदलतानाचा हँडओव्हर मला हवा होता. कुठल्या खाटेवर कोण, कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाच्या नातेवाइकांशी सांभाळून बोलायचं, हे दहा मिनिटांत पुढच्या सिस्टरला सांगायचं असतं आणि डोळ्यांपुढे घरी जायची गाडी असते. आमच्या कामातला सगळ्यात नाट्यमय भाग तोच. कुणीतरी यावर लिहा.

आणि अनू प्रभाला या महिन्याचं माझ्या वाट्याचं भाडं तू भर म्हणते ना, ते फार खरं आहे. हॉस्टेलमधून बाहेर पडून दोघी-तिघींनी खोली घेतली की असं होतंच.

डबलडेकर

चौथी सीट, विषय आवडला, पण मुद्दा पटला नाही. मी नुकतीच 'वासूनाका' पुन्हा वाचली. भाऊ पाध्यांची, १९६५ ची. त्यातला पोक्या आणि त्याचे मित्र काय काम करतात? नाक्यावर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींवर नजर ठेवतात, एकमेकांची खेचतात, त्यांच्या तोंडची भाषा ऐकून त्या काळी भल्याभल्यांना घाम फुटला. आचार्य अत्रे या पुस्तकावर तुटून पडले आणि दुर्गाबाई भागवत त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या.

म्हणजे तुमच्या कसोटीवर ही कादंबरी नापास व्हायला हवी. पण मुंबईबद्दल ती जे सांगते ते फार थोड्या पुस्तकांनी सांगितलंय. रिकामपण हेही या शहराचं आहे. नोकरी नसलेला पोरगा घरात बसू शकत नाही, कारण दहा बाय दहाच्या खोलीत बसायला जागा कुठे आहे? म्हणून तो नाक्यावर येतो. नाका हा खोलीच्या मापातून जन्मला आहे.

चौथी सीट

डबलडेकर, 'वासूनाका'ला मी नापास करणार नाही. तुम्हीच सांगितलंत बघा: ती पोरं नाक्यावर का आहेत हे पुस्तकाला माहीत आहे. काम नसणं हे तिथे ठळक आहे. माझी तक्रार अशा कादंबऱ्यांबद्दल आहे, जिथे लेखकालाच पात्राच्या कामाची उत्सुकता नाही.

पुस्तकांचा माळा

काम नसणं कसं लिहावं हे पाहायचं असेल तर कादंबरी नाही, कथा सांगतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातलं सोनं'. भीमाची दगडाची खाण बंद पडते, म्हणून तो स्मशानात राख चाळून आणि मढी उकरून सोनं शोधू लागतो. पुढे कोल्ह्यांशी झुंज होते, मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात आणि ती गमवावी लागतात. आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. गेल्या आठवड्यात पुन्हा वाचली. रात्री जेवण गेलं नाही.

केळफूल

बापरे, ही मी शाळेत असताना वाचली होती. ती झुंज अजून आठवते.

लालबागची लेक

मी सहसा इथे फक्त वाचते, आज लिहिते.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यातले किती परत कामावर लागले नाहीत हे आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर दिसायचं. वडिलांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू असायचे ते मला आठवतात. आणि ते सगळे मोठ्याने बोलायचे, कारण दिवसभर साच्यांच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. घरी आल्यावरही आवाज खाली यायचा नाही. संपानंतर काही वर्षांनी ते हळू बोलायला लागले, आणि त्याची आईला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मुलाने आग्रह केला म्हणून 'लालबाग परळ' पुन्हा पाहिला. महेश मांजरेकरांचा, २०१० चा, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला. नाटक मी पूर्वी पाहिलं होतं. दोन्हींत माझा कौल नाटकाला. नाटक घरातून बाहेर पडत नाही. गिरणी दिसत नाही, साचा दिसत नाही, पण घरातल्या प्रत्येकाच्या वागण्यात बंद पडलेली गिरणी आहे. सिनेमात टोळ्या, बंदुका, रक्त इतकं पुढे येतं की माझ्या शेजारच्या घरांतली माणसं मागे राहतात. संपानंतर वाईट मार्गाला लागलेली मुलं होती, मी नाकारत नाही. पण भाजी विकणारे, वॉचमन झालेले, गावी जाऊन परत आलेले जास्त होते. बायकांनी खानावळी चालवल्या, पापड लाटले, लोकांची धुणीभांडी केली. त्यांच्यावर कॅमेरा फार वेळ थांबत नाही.

चौथी सीट, तुम्ही पार्वतीबद्दल लिहिलंत म्हणून हे सगळं आलं. खोलीचा कागद नाही हे आमच्याकडे घरोघरी होतं. पावती नवऱ्याच्या नावावर, तीही सासऱ्याच्या काळातली.

साचेखात्याच्या आतलं, त्या आवाजातलं जग ज्यात पानोपानी आहे अशी कादंबरी मला वाचायची आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा.

दुपारची पाळी

लालबागची लेक, तुम्ही लिहा ना. खरंच सांगते. वडिलांचा आवाज खाली आला, हे वाचून मी थांबले.

डबलडेकर

+१. धागा जिंकलात, ताई.

काळा कोट

माझ्या व्यवसायावरच्या सिनेमाचा विषय कुणी काढला नाही अजून, म्हणून मीच काढतो: 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा, व्हेनिसमध्ये गाजलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. एका ज्युनियरला दाखवायचा होता म्हणून पुन्हा पाहिला.

एका शाहिरावर आरोप असतो की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. बाहेरच्या माणसाला वाटेल, असा खटला चालेल तरी कसा? आम्हाला तसं वाटत नाही. सिनेमा न्यायालय जसं चालतं तसं दाखवतो: पुढची तारीख, साक्षीदार गैरहजर, कलमांचं कंटाळवाणं वाचन, आणि न्यायाधीश साक्ष आपल्या शब्दांत सांगून लिहून घेतात ते. साक्षीदार पाच वाक्यं बोलतो, नोंदीत दीड वाक्य उतरतं. माझ्या मते तो सगळा सिनेमाच त्या साडेतीन वाक्यांबद्दल आहे.

सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी तर आमच्या बाररूममधून उचलून आणल्यासारख्या वाटतात. कोर्टात एका माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवण्यासाठी युक्तिवाद करायचा, मग लोकलमध्ये मैत्रिणीशी साडीबद्दल बोलायचं, मुलाला घ्यायचं, घरी पोळ्या लाटायच्या. दिग्दर्शक तिला दुष्ट ठरवत नाही. ती आपलं काम करते आहे. आणि हेच भयंकर आहे, कारण तिचं काम नीट झालं तर एक निरपराध माणूस तुरुंगात जातो.

शिवाय त्या मृत कामगाराची बायको साक्ष देते ती. तो दारू पिऊन आत उतरायचा, कारण वास सहन होत नसे. सुरक्षेचं काही साधन नसे. ती किती साधेपणाने बोलते! चौथी सीट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या साक्षीत आहे. मेलेल्या माणसाचं काम काय होतं हे विचारल्याशिवाय तो कसा मेला हे कळत नाही.

शेवटची लोकल

'कोर्ट' मला संथ वाटला होता. काळा कोट यांचं वाचून पुन्हा पाहायला घेतो आहे.

पालिकेतला

गटाराचा विषय निघाला म्हणून. 'आता थांबायचं नाय' पाहिलात का कुणी? मी पालिकेत लिपिक आहे. २०२५ च्या महाराष्ट्र दिनाला लागला, आम्ही ऑफिसातले सगळे मिळून गेलो. सफाई आणि मलनिःसारणाचं काम करणारे चतुर्थश्रेणी कामगार एका अधिकाऱ्याच्या आग्रहाने रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात. खऱ्या घटनेवरचा आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, ओम भूतकर, अधिकाऱ्याच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर.

मी रडलो, हे आधी लिहितो. पन्नाशीचा माणूस बाकावर बसून गणित सोडवताना जो घाबरतो, ते घाबरणं भरत जाधवांनी फार सुंदर केलंय. आमच्याकडे मस्टरवर सही करायला कचरणारे हात मी रोज पाहतो.

पण धाग्याच्या प्रश्नाच्या अंगाने पाहिलं तर सिनेमाचं मन शाळेत जास्त रमतं. पहाटे हजेरी चौकीवर येणं, मुकादमाने बीट वाटून देणं, हातमोजे कुणी घालतो कुणी घालत नाही, पावसाळ्याआधी वाढणारा ताण, हे थोडंच येतं. 'कोर्ट'मध्ये तो कामगार एकदाही जिवंत दिसत नाही, तरी त्याचं काम मला जास्त कळलं. आणि 'आता थांबायचं नाय'मध्ये माणसं कळली. दोन्ही हवेत. आमच्या कामगारांना मात्र दुसरा दाखवायचा, कारण त्यात ते जिंकतात.

केळफूल

तुमचं शेवटचं वाक्य पटलं, दादा. दिवसभर जे करून आलात तेच पडद्यावर कशाला पाहायचं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

विरार फास्ट

विषयांतराबद्दल माफी, पण मराठी सिनेमा पाहायचा तरी कुठे आणि कधी? माझ्या जवळच्या मल्टिप्लेक्सला मराठीचा एकच खेळ होता, तोही कामाच्या दिवशी सकाळी अकराला. ज्यांच्यावर सिनेमा आहे ते कामगार त्या वेळी कामावर असतात!

चौथी सीट

हे विषयांतर नाहीच, विरार फास्ट. हा याच धाग्याचा मुद्दा आहे.

डबलडेकर

दादरचं प्लाझा, माहीमचं सिटीलाइट, लालबागचं भारतमाता. मराठी सिनेमा थिएटरात पाहायची आमच्या घरची सवय या तिघांमुळे लागली. सिनेमा आवडला तर पहिल्याच आठवड्यात जा, दुसऱ्या आठवड्यात खेळ उरेल याची खात्री नसते.

रातराणी

आत्तापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलते. काम म्हटलं की आपण पगाराचं काम धरतोय. बाईचं काम कुठे गेलं?

'स्थळ' पाहा. जयंत सोमलकरांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन केलेला. २०२३ मध्ये टोरोंटोला पुरस्कार मिळाला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. सविताला पुढे शिकायचं आहे, आणि घरात एकामागून एक बघायला येणारे पुरुष. प्रत्येक वेळी पाटावर बसायचं, नाव, उंची, शिक्षण, छंद सांगायचे. दर वेळी तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तोच पोह्यांचा ट्रे. हेही काम आहे. बिनपगारी, अपमानाचं, आणि नकार आला तर दोष तिचा. शेजारी वडील कापसाला भाव नाही म्हणून हवालदिल. कापसाची आणि मुलीची किंमत एकाच घरात ठरते आहे, हे दिग्दर्शक एकदाही बोलून दाखवत नाही.

मुंबईतलं हवं असेल तर 'नाच गं घुमा' घ्या. बँकेत नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे काम करणाऱ्या आशाताई. विनोदी म्हणून सोडून देऊ नका. आपल्यापैकी कितीजणी बाई आली नाही तर कामावर जाऊ शकत नाहीत? एका बाईची नोकरी दुसऱ्या बाईच्या नोकरीवर उभी असते. नम्रता संभेराव यांनी आशाताईंना जी ऐट दिली आहे ती मला फार आवडली. शेवट गोड केलाय, तो मला तितका पटला नाही.

आणि पुस्तक म्हणाल तर शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर', १९९०. रीटा घरातली थोरली. आई-वडील आणि बहिणी तिच्या पगारावर. तिचं साहेबांशी नातं आहे, ते विवाहित आहेत, आणि एक दिवस तिचं मन कोसळतं. कादंबरी सुरू होते तेव्हा ती इस्पितळात आहे. चौथी सीट, ही वाचलीत का? नसेल तर तुमची चर्चा अर्धी आहे.

चौथी सीट

वाचलेली नाही. या आठवड्यात मिळवतो.

विरार फास्ट

तिच्यावर सिनेमा आहे ना?

रातराणी

हो, 'रीटा', २००९. दिग्दर्शन लेखिकेच्या मुलीचं, रेणुका शहाणेंचं. पल्लवी जोशी रीटा. पण आधी पुस्तक वाचा. रीटा स्वतःशी ज्या सुरात बोलते तो सूर पानावरच ऐकावा.

शेवटची लोकल

माझा प्रश्न वेगळा आहे. मी संगणकावर काम करतो. सकाळी बसतो, संध्याकाळी उठतो. यात दाखवायचं काय? साचा दिसतो, झाडू दिसतो, वार्ड दिसतो. आमच्या कामाला दृश्यच नाही.

'साबर बोंडं' पाहिला. रोहन कानवडेंचा, सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवणारा पहिला मराठी सिनेमा. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये आहे. वडील जातात आणि दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. तिथे त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांतलं प्रेम हळूहळू उमलतं. पार्श्वसंगीत नाही. पक्षी, वारा, बायकांचं कुजबुजणं, बस. घरच्यांचं 'आता लग्न कर' हे टुमणं तर दुखवट्यातही थांबत नाही. इतका हळुवार मराठी सिनेमा मी पाहिला नव्हता.

पण बाळ्याचं शेत दिसतं, आणि आनंदची नोकरी मुंबईतच राहते. मला वाटतं दिग्दर्शकाने ते जाणून केलं. आनंदला त्या दहा दिवसांत शहरापासून सुटका हवी आहे. तर चौथी सीट, इथे काम न दाखवण्यानेच गोष्ट उभी राहते. हे तुमच्या नियमात बसतं का?

चौथी सीट

बसत नाही, आणि सिनेमा मला अतिशय आवडलेला आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

केळफूल

मी देते. शेवटची लोकल, तुमच्या कामाला दृश्य नाही हे मला मान्य नाही. सविस्तर लिहीन म्हटलं होतं, ते आता लिहिते.

'सिंहासन' पुन्हा पाहिला आणि त्या निमित्ताने अरुण साधूंची 'मुंबई दिनांक'ही वाचून काढली. सिनेमा १९७९ चा, जब्बार पटेलांचा, पटकथा तेंडुलकरांची, आणि तो 'सिंहासन' व 'मुंबई दिनांक' या दोन्ही कादंबऱ्यांवरून केला आहे. आता त्यातल्या वार्ताहराचं, दिगू टिपणीसचं काम काय आहे बघा. फोन घेणं. बंगल्यावर जाऊन बसणं. मंत्र्याचा चेहरा वाचणं. कोण कोणाला भेटला हे लक्षात ठेवणं आणि त्यातलं बरंचसं न छापणं. यात हातोडा नाही, यंत्र नाही. तरीही निळू फुल्यांचा दिगू खोलीत कसा शिरतो, कुठे उभा राहतो, किती कमी बोलतो, यावरून वार्ताहराचं अख्खं आयुष्य कळतं. साधू स्वतः इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रकार होते, त्यांना हे आतून ठाऊक होतं.

आणि म्हणूनच शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा ते पटतं. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि विश्वासराव दाभाडे यांच्या डावपेचांनी तो वेडा होत नाही. ते सगळं रोज पाहून, रोज बातमीची कॉपी देऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन उभं राहावं लागतं, याने होतो. त्याच्या कामाने त्याला तिथे नेलं.

तेव्हा तुमच्या पडद्यावरच्या कामातही काहीतरी असणारच. परदेशातल्या वेळेशी जुळवून घेतलेली झोप, म्यूट करून बोललेली वाक्यं, घरातल्यांना कळू न देता वाट पाहिलेला मेल. ते लिहिणारा अजून यायचा आहे, इतकंच.

शेवटची लोकल

म्यूट करून बोललेली वाक्यं! हे कुणीतरी लिहाच. आमच्या टीमची ती खरी भाषा आहे.

डबलडेकर

म्यूट नसताना बोललेल्या वाक्यांवर तर खंडकाव्य होईल.

सूर लागला

गाण्याचे क्लास घेते, म्हणून 'द डिसायपल' या सिनेमाबद्दल दोन ओळी. शरद नेरुळकर जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढणाऱ्या ठिकाणी नोकरी करतो, पहाटे रियाज, गुरुजींची सेवा, आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल चालवत गुरुजींच्या गुरू माईंची भाषणं ऐकतो. माईंचा आवाज सुमित्रा भाव्यांचा. गुरुजींचे पाय चेपणं, त्यांना डॉक्टरकडे नेणं, मैफलीत मागे तानपुरा धरणं, यात शिष्याचं तारुण्य जातं. पोटाचं काम आणि जिवाचं काम वेगळं असलं की माणूस कसा झिजतो हे इतक्या नेमकेपणाने मी कुठे पाहिलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावा की नाही हे अजून ठरत नाही.

पुस्तकांचा माळा

दाखवा. अठरा पूर्ण असतील त्यांना तरी.

शहराबाहेरचंही एक सुचवतो: कृष्णात खोतांची 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. धरणामुळे उठवलेलं गाव, आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला आणायला परत गेलेला देवाप्पा. तिथे माणूस, जनावर आणि काम वेगळं काढताच येत नाही. मी ती गाडीत वाचली आणि दोनदा उतरायचं स्टेशन मागे गेलं.

चौथी सीट

'रीटा वेलिणकर' वाचून झाली. रातराणी, तुमचे आभार मानायला आलोय आणि थोडं भांडायलाही.

कादंबरी जबरदस्त आहे. रीटाचा राग मला फार आवडला. घर चालवणाऱ्या मुलीबद्दल आपल्याकडे कौतुकाने लिहितात, तिच्या त्यागावर अश्रू ढाळतात. इथे ती स्वतःच हिशेब मांडते: मी काय दिलं, मला काय मिळालं, आणि कुणी कधी विचारलं का? सरस्वतीबरोबरची मैत्री तर साहेबांबरोबरच्या नात्यापेक्षा कितीतरी खोल वाटली. मुंबईत एकट्या बाईला मैत्रीण असणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या पुरुषाला एरवी कळण्याचा मार्ग नव्हता.

भांडण असं की ऑफिस मला अजून हवं होतं. रीटा कामात हुशार आहे, त्यावर सगळं घर उभं आहे. मग ती टेबलाशी बसून नेमकं काय करते, कशात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे पाहायला मिळालं असतं तर ती कोसळते तेव्हा काय काय कोसळलं ते अधिक कळलं असतं.

रातराणी

भांडण मंजूर, पण माझं उत्तर ऐका. कोसळलेल्या माणसाला ऑफिस कसं आठवेल? तुकड्यातुकड्यांतच. खाटेवर पडल्यावर तिला तिचं टेबल आठवत नाही, माणसं आठवतात. लेखिकेने रीटाच्या डोक्यात जेवढं होतं तेवढंच आपल्याला दिलं. तुम्हाला ऑफिस पाहिजे, मला ते डोकं पाहिजे.

काळा कोट

दोन्ही बाजू ऐकल्या. पुढची तारीख द्यावी.

लालबागची लेक

मुलगा आणि मी आता 'रावण आणि एडी' वाचतोय, किरण नगरकरांची. माझगावच्या चाळीत खालच्या मजल्यांवर हिंदू, वरच्या मजल्यावर ख्रिश्चन. रावणची आई पार्वतीबाई लोकांचे डबे करून घर चालवते आणि नवरा घरात पडून असतो. संपानंतरच्या ज्या बायकांबद्दल मी वर लिहिलं, त्यांची थोरली बहीण मला इथे सापडली. तिच्या स्वयंपाकावर नगरकरांनी मनापासून लिहिलंय. मुलगा हसतोय, मी डब्यांवर थांबतेय.

आणि दुपारची पाळी, तुमचं ऐकलं. वडिलांच्या खात्यातले एक काका अजून करी रोडला राहतात, त्यांच्याकडे रविवारी जाते आहे. साच्यावर उभं राहिल्यापासून पाळी सुटेपर्यंत काय काय करायचात ते क्रमाने सांगा, असं फोनवर म्हटलं तर ते तिथेच सुरू झाले. वही घेऊन जाते. लिहिलेलं इथेच टाकीन.